कॅरिअरला बांधलेला कोयता

रविवार, ३ ऑगस्ट

…पाणी भरून झालं होतं, पण लाकडं ओली आणि चूल पेटत नव्हती. माझा नवरा शिवा ओट्यावर बसून सायकलच्या चेनला तेल देत होता आणि सारखा खाडीकडे बघत होता. मी म्हटलं, आधी वडखळला जाऊन दळण आण. त्याने आणलं. मग म्हटलं, पडवीवरचं प्लास्टिक उडालंय, त्यावर दगड ठेव. त्याने ठेवले. मग म्हटलं, दोन घास खाऊन जा. तो म्हणाला, "सगुणा, मला उघाडीवर जाऊ दे गो. पाणी चढतंय." मी म्हटलं, "उघाडी काय पळून जाते?" त्याने उभ्या उभ्याच भाकरी खाल्ली.

पहाटे तो एकदा उघाडीवर जाऊन आला होता. जाताना मोडक्या पाटाचा तुकडा मागून घेतला होता. माझ्या लग्नातला पाट, पितळी फुल्यांचा, मधोमध चिरला होता. अर्धा त्याने नेला. अर्धा अजून माझ्या हंड्याखाली आहे, हंडा डुगडुगू नये म्हणून. कशाला हवा, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी माझा भाऊ यायचा होता आणि मी आदल्या दिवसापासून बडबडत होते, भावापुढे काय ठेवू, सुका बोंबील?

आठ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळचं एवढंच आठवतं, पण रोज आठवतं. बाराच्या सुमारास चौघांनी त्याला दाराच्या फळीवर घालून आणला. डोक्याच्या मागच्या बाजूला फावड्याचे दोन वार होते. डॉक्टर म्हणाले, पहिलाच पुरेसा होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा केसांखाली बोट आत गेलं.

आज नमिता सांगत आली. ती माझी शेजारीण, रोह्याच्या बाजारात सुकी मासळी विकते. म्हणाली, "हितेश दिसला गो. दिवाळीत सुटला म्हणे. रोह्याच्या वर डोंगरात, आयशीच्या माहेरी राहतो."

मी म्हटलं, बरं. आणि भांडी घासत राहिले. तीच तीच भांडी दोनदा घासली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. गावाने एक नारळ खाडीला दिला आणि एक उघाडीवर, शिवाच्या फोटोपुढे.

पेणच्या वाचनालयातली मृणाली म्हणते, वहीत असं लिहा की ज्याने खारेपाट पाहिला नाही त्यालाही कळेल. मी अक्षरं शिकले ती एस.टी.च्या पाट्यांवरून आणि भज्यांच्या कागदांवरून. लिहायला कुणी शिकवलं नाही. तरी लिहिते.

खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो. बांधात दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. त्याची लाकडी झडप ओहोटीला आपोआप उघडते, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला आपोआप मिटते. पण झडपेत पाचर मारून ठेवली तर भरतीच्या पाण्याबरोबर जिताडे मासे आत येतात. जिताड्यासाठी आमची माणसं काहीही करतात. मात्र पाणी अर्धं चढायच्या आत पाचर काढावी लागते.

त्या दिवशी पिठोरी अमावास्येचं उधाण होतं आणि पाचर निघाली नाही. पाण्याने उघाडीच्या कडा खाल्ल्या, बांध फुटला, गावाचं भात तीन वर्षं खारलं. पाचर हितेशने मारली, शिवा ती काढायला गेला, म्हणून हितेशने त्याला मारलं. असं गाव म्हणतं. कोर्टात हितेश एवढंच बोलला, "मारलं मी." दोघं लहानपणापासून एकत्र चिखलात लोळलेले.

मीही काही केलं आहे. हितेशला नेल्यावर गाव त्याच्या आईच्या, धोंडुबाईच्या दारात जमलं. मी तिला केसांना धरून ओट्यावरून ओढली. पहिला दगड माझा होता. तो कपाळाला लागला असं वाटलं, ती तोंड धरून खाली बसली. नंतर तिच्या घराला कुलूप घातलं ते गावाने.

मृणाली दर श्रावणात बायकांना सायकलवर घेऊन जाते. यंदा पेण ते रोहा आणि तिथून वर डोंगरात. मी आज जाऊन नाव दिलं. ती खूश झाली. म्हणाली, "सगुणाताई, तुमच्या त्या लोखंडी सायकलवर?"

मी म्हटलं, "लोखंडीच बरी."

बुधवार, १३ ऑगस्ट

शिवाची सायकल पुसली. दांड्याची, बावीस इंची. मी पूर्वी दांड्याखालून पाय घालून, कैची मारून शिकले होते. गणपतीच्या कारखान्यातून दोन दिवस सुट्टी मागितली. सीझनमध्ये सुट्टी म्हणजे मालकाच्या तोंडचं ऐकणं आलं, तेही ऐकलं.

कोयत्याला धार लावून घेतली. गोणपाटात गुंडाळून कॅरिअरला बांधला. मला हितेशला मारायचं आहे. लिहून बघितलं, वाचूनही बघितलं. नंतर काय, याचा विचार येत नाही. येईल तेव्हा येईल.

शुक्रवार, १५ ऑगस्ट, रोहा

रोह्यात एका शाळेच्या खोलीत आहोत. चौघी. मृणाली, कॉलेजातली किमया, वैशाली नावाची नर्स आणि मी. कपडे बाकांवर वाळत घातले आहेत, वाळत नाहीत.

सकाळी पेणहून निघालो तेव्हापासून पाऊस तोंडावर मारत होता. पाऊस पडत नव्हता, मारत होता. डोलवीपाशी कंपनीची धुराडी दिसलीच नाहीत, फक्त धडधड ऐकू आली. ट्रेलर शेजारून गेला की चिखलाची अख्खी बादली अंगावर यायची. एका ट्रेलरने किमयाला रस्त्याखाली ढकललंच. गुडघा फुटला. रक्त पायमोज्यात उतरलं आणि ती हसत म्हणाली, "ताई, फोटो काढा ना." मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. गिअरची सायकल तिची, पण चढावर पुढे मी. ती मागून ओरडते, "ताई, त्या सायकलला इंजीन हाय काय?"

नागोठण्याहून भिसे खिंडीत शिरलो. वर चढताना रस्ता म्हणजे ओढाच. एका वळणावर टेम्पो आडवा पडला होता. पेणहून रोह्याला जाणारे गणपती. पेंढा, सोंडा, हात सगळ्या रस्त्यावर, आणि पाण्याबरोबर पांढरं वाहत होतं. मी मूर्ती ओळखल्या. आमच्याच कारखान्यातल्या. त्यातल्या कितीकांचे कान मी पॉलिश पेपरने घासले होते.

पाच-सहा जण टेम्पोवाल्याला मारत होते. पोरगेलासाच तो, नाव साईराज असं मागाहून कळलं. "बाप्पा फोडलास! बाप्पा फोडलास!" म्हणत लाथा घालत होते. तो खाली पडला. एकाच्या हातात जॅकचा दांडा होता. त्याने पाठीत एक घातला आणि डोक्यावर घालायला हात उचलला.

पुढचं मला नीट क्रमाने आठवत नाही. मी त्या पोरावर पाय फाकून उभी होते आणि कोयता माझ्या हातात होता. गोणपाट पायात पडलं होतं.

मी म्हटलं, "या मूर्ती माझ्या हातच्या हायत. मी रडत नाय, तुम्ही कशाला रडताय? याला दुसरा वार कोण घालतो ते बघू दे मला."

एकजण म्हणाला, "म्हातारी येडी हाय."

"म्हातारी नाय. येडी व्हय."

दांडेवाला मागे सरला. एकेक करून सगळे सरले. जाताना एकाने तुटलेली सोंड उचलून कडेला नीट ठेवली. जणू त्याच हातांनी आत्ता काही केलंच नव्हतं. वैशालीने साईराजचं डोकं बांधलं. त्याचे दोन दात हातात होते आणि तो ते कुणाला द्यावेत अशा नजरेने बघत होता.

मृणाली कितीतरी वेळ माझ्याशेजारून सायकल ढकलत चालली. मग म्हणाली, "सगुणाताई, कोयता कशाला आणलात?"

"नारळ सोलायला."

"डोंगरात कुठे आलेत नारळ?"

मी सायकल पुढे ढकलली. तिने पुन्हा विचारलं नाही. पण आता निजताना तिने तिचं अंथरूण माझ्या आणि माझ्या सायकलच्या मध्ये घातलं आहे.

शनिवार, १६ ऑगस्ट

दिवसभर रोह्यातच अडकलो. कुंडलिका पुलाला टेकायला आलीय. चौकात दहीहंडी होती. वरचा पोरगा पडला, दुसऱ्या मंडळाची पोरं हसली, आणि त्यावरून दोन्ही मंडळांत हाणामारी. बांबूने. मडकं तसंच वर हलत राहिलं. आम्ही चहाच्या टपरीत होतो. टपरीवाली म्हणाली, "रोजचाच हाय ओ. वर्साला एक डोकं फुटतंच."

मला वाटलं, कालच्या त्या दांडेवाल्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असेल. असले विचार मला नको आहेत. एवढ्या लांब मी विचार करायला आलेले नाही.

मृणालीने उद्याची वरची वाट रद्द केली. मी एकटीच जाणार.

रविवार, १७ ऑगस्ट

हात दुखतो आहे, तरी आजच लिहिते. उद्या हे असंच आठवेल याचा भरवसा नाही.

उजाडल्यावर निघाले. मृणाली दारातच बसली होती. म्हणाली, "नका जाऊ." मी म्हटलं, "सायकल माझी, वाट सरकारची." ती म्हणाली, "संध्याकाळी चारला मी डांबरी रस्त्याच्या फाट्यावर मिनिडोर रिक्षा घेऊन उभी राहते. तुम्ही आलात तर ठीक. नाही आलात तर वर येते."

फाट्यापासून आठ किलोमीटर चढ. एका मोरीवरून गुडघाभर पाणी वाहत होतं. सायकल आडवी होऊन मला घेऊन चालली होती. हँडल एका झाडात अडकलं म्हणून राहिले. पुढे दरड आलेली, तिच्या चिखलात एक बैल मानेपर्यंत गाडलेला आणि मेलेला. त्याचे डोळे उघडे होते. त्याच्या बाजूने सायकल ढकलत गेले.

वाडीत शेवटचं घर. धोंडुबाई चुलीपाशी बसली होती. मान वळवली तेव्हा दिसलं, डावा डोळा पांढराफटक. तो माझा दगड.

ती म्हणाली, "ये. शिवाची सायकल वाजली तवाच वळखली. मागचा मडगार्ड अजून तसाच वाजतो. बस गो, भिजलीस."

मी बसले नाही. मागून हितेश आला, डोक्यावर गवताचा भारा. केस पांढरे झालेत. मला बघून त्याने भारा हळूच खाली ठेवला. म्हणाला, "वहिनी."

मी मारलं. धारेची बाजू की पाठची, बघितलं नव्हतं. पाठची लागली, मानेच्या शेजारी, हाडावर. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला. हात वर केला नाही, डोळेही मिटले नाहीत. मी कोयता फिरवून धार खाली केली आणि पुन्हा उचलला.

काहीतरी येऊन माझ्या मनगटावर बसलं. कोयता निसटला. धोंडुबाईने लाकूड फेकून मारलं होतं. एका डोळ्याने, आणि अचूक. लाकूड माझ्या पायाशी पडलं. त्यावर दोन पितळी फुल्या होत्या आणि तिसरीचं नुसतं भोक.

"हा पाट कुनाचा?" ती म्हणाली.

हितेश म्हणाला, "आये, गप."

"बांध फुटल्यावर चिखलात गावला मला, तवापासून आठ वर्सं गपच हाय. आता ती तुला मारून जाईल नि मी गपच ऱ्हाऊ?"

मी खाली बसले. लाकूड हातात घेतलं. खाऱ्या पाण्याने काळं पडलेलं, पण चीर ओळखीची. रोज हंडा उचलताना मी दुसऱ्या अर्ध्याची चीर बघते.

हितेश धापा टाकत बोलला. "पहाटे त्यानंच मारली पाचर. तुझा भाऊ येनार म्हनून जिताडा पायजे होता. पानी अर्धं चढलं की काढतो म्हनला. तो आला उशिरा. पानी छातीला, पाचर निघंना. दोघांनी वढली, निघंना. बांध सुटायला लागला. माझं भात त्याच्या खालीच. मी त्याला म्हटलं, कुठं मेला होतास? तो म्हनला, घरची कामं होती. मी मारलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा का, ते मला तुरुंगातबी नाय कळलं."

पाऊस कौलांवर कुणी मूठमूठ खडी टाकावी तसा पडत होता. मी विचारलं, "कोर्टात का नाय सांगितलंस?"

"मारला तर मीच ना. पाचरीचं काढलं असतं तर गावानं तुला हाकलली असती. तुला पोर ना बाळ. जाशील कुठं?" मग आईकडे न बघता म्हणाला, "तिला हाकलतील हे ध्यानात नाय आलं."

धोंडुबाई म्हणाली, "मला काय नको. माझ्या घराच्या चुलीवर एकदा पेज रांधून मरायचाय. लोकांच्या चुलीवर नाय."

मी उठले. हितेशचा हात लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधला. त्याला कॅरिअरवर बसवलं, जिथे कोयता बांधला होता तिथे. कोयता आणि पाटाचा तुकडा हँडलला बांधले. उतारावर ब्रेक लागेनात, मी पाय घासत सायकल धरत होते. प्रत्येक खड्ड्याला तो ओरडायचा आणि मग म्हणायचा, "चालू दे." मोरीवर पाणी कमरेला आलं होतं. त्याने चांगल्या हाताने मागून माझा खांदा धरला. आम्ही दोघं आणि शिवाची सायकल मध्ये. तेव्हा मला वाटलं, सोडलं तर तो जाईल. हँडलवरचा हातही सैल केला. सैल केला हे इथे लिहून ठेवते. मग पुन्हा घट्ट केला.

फाट्यावर मृणाली उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बसा."

सोमवार, १८ ऑगस्ट

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कशाने? हितेश म्हणाला, "दरड आली. दगड लागला."

माझ्यासाठी त्याने दुसऱ्यांदा खरं लपवलं. मला त्याची दया येत नाही. माफही केलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते की पहिलाच वार पुरेसा होता, आणि त्याने दुसरा घातला होता. पण दळण मी सांगितलं होतं. दगड मी सांगितले होते. भाकरी मी दिली होती.

सोमवार, २५ ऑगस्ट

पिठोरी शुक्रवारी झाली. हाताची सूज उतरल्यावर आज लिहिते.

पिठोरीच्या उधाणाआधी आमच्याकडे घरटी एक माणूस बांधावर जातो. जिथे माती खचली असेल तिथे भर घालायची. माझ्या घरून मीच जाते. आधी शिवाच्या फोटोला हार घालतात, मग घमेली उचलतात. गावकीच्या अध्यक्षांनी पिशवीतून हार काढला तेव्हा मी म्हटलं, थांबा.

हंड्याखालचा अर्धा आणि डोंगरातून आणलेला अर्धा असे पाटाचे दोन्ही तुकडे फोटोपुढे ठेवले आणि जोडले. चीर चिरेत बसली. म्हटलं, "पाचर शिवानं मारली होती. माझ्या भावासाठी. काढायला उशीर झाला तो माझ्या कामांनी. हितेशनं त्याला मारलं हे खरं. पण पाचर त्याची नाय. धोंडुबाईचा तर काहीच गुन्हा नाय."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुझं डोकं फिरलंय, घरी जा." नमिता म्हणाली, "गो, हे आठ वर्सांनी कशाला?" आणि रडायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "आमचं तीन वर्सांचं भात, त्याचं काय? आनि आमी याला नारळ फोडतोय!" एकाने फोटो उपटून खाडीत भिरकावला. शिवा तोंड वर करून जरा वेळ तरंगला. मग एक ढेकूळ माझ्या कानावर बसलं. त्यात दगड होता. मी कुठून आलं ते बघितलं नाही.

पण पाणी चढत होतं आणि बांधाला माती हवी होती, त्यामुळे भांडण तिथेच ठेवून सगळे कामाला लागले. मी रांगेत उभी राहिले. माझ्या हातातलं घमेलं कुणी घेतलं नाही. मग मी स्वतःच चढून जाऊन ओतत होते, कानातून रक्त गळत होतं, बारा वाजेपर्यंत. उधाण आलं, झडपेवर आदळलं आणि परत गेलं. झडप मिटलेली होती.

घरी आले तर दारात शेण टाकलेलं. ते काढलं, जेवले, निजले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उठले, पाणी भरलं, धोंडुबाईच्या घराचं कुलूप कोयत्याने तोडलं आणि तिची चूल सारवली.